डॉक्टरताईंना विचारा : पोटात बाळ आणि अंगात ताप

गरोदरपणातल्या तापाबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा, असं मी गेल्या अंकात लिहिलं होतं. आलेल्या पत्रांतली बहुतेक डासांवरच आहेत. पावसाळा आहे, त्यामुळे नवल नाही. शिवाय माझा दवाखाना सासवडचा. महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये आमच्याच पुरंदर तालुक्यात, बेलसरला सापडला होता. तेव्हापासून माझ्याकडे येणारी प्रत्येक गरोदर बाई कधी ना कधी हा विषय काढतेच.

उत्तरांआधी एक विनंती करते, कारण खाली ती पुन्हा पुन्हा येणार आहे. ताप आला की दोन गोष्टी लिहून ठेवा : ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, आणि त्या दिवशी कितवा आठवडा चालू होता. मी स्वतः माता-बाल संरक्षण कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात हे लाल पेनाने लिहिते. झिका, डेंग्यू आणि चिकनगुन्या हे तिन्ही आजार एकाच जातीच्या डासामुळे होतात आणि पहिले दोन दिवस सारखेच दिसतात. बाळाला धोका कधी, हे मात्र प्रत्येकाचं वेगळं आहे. झिकाची काळजी पहिल्या महिन्यांत सर्वांत जास्त, चिकनगुन्याची कळा सुरू होण्याच्या आसपास, आणि डेंग्यू कधीही झाला तरी आधी आईच्या जिवाला जपावं लागतं. तपासणी कोणती करायची हेही तारखेवरच ठरतं. ‘तीनचार दिवसांपूर्वी कधीतरी कणकण होती’ एवढ्यावर डॉक्टरला अंदाज बांधावा लागतो, आणि गरोदर बाईच्या बाबतीत मला अंदाज नको असतो.

प्रश्न : मी कोथरूडला राहते. अकरावा आठवडा चालू आहे. शेजारच्या सोसायटीत एकाला झिका निघाला म्हणून महापालिकेच्या आरोग्य विभागाच्या ताई आल्या होत्या. आमच्या इमारतीतल्या गरोदर बायकांचे रक्त आणि लघवीचे नमुने त्या मागत होत्या. मला ताप नाही, पुरळ नाही, काही नाही. सासूबाई म्हणतात, विकतचं दुखणं कशाला घ्यायचं? आणि खरं सांगते, मलाच भीती वाटते की पॉझिटिव्ह आलं तर बाळ पाडायला सांगतील. नमुना देऊ का?

उत्तर : द्या. उद्याच द्या.

झिका झालेल्या पाच माणसांपैकी साधारण चौघांना काहीच जाणवत नाही. ज्यांना जाणवतं त्यांनाही बारीक ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल होणं, सांधे दुखणं एवढंच, आणि आठवड्यात सगळं निवळतं. एरवी हा आजार इतका सौम्य आहे की १९४७ मध्ये युगांडातल्या झिका जंगलात एका माकडाच्या रक्तात हा विषाणू सापडल्यानंतर कितीतरी वर्षं कुणी त्याची फारशी दखल घेतली नाही. २०१५ मध्ये ब्राझीलच्या ईशान्य भागात लहान डोक्याची बाळं एकामागून एक जन्माला येऊ लागली, तेव्हा जग जागं झालं. फेब्रुवारी २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. त्या बाळांच्या आयांपैकी अनेकींना आपल्याला काही होऊन गेलंय याचा पत्ताही नव्हता. म्हणून ‘मला ताप नाही’ या गोष्टीचा या आजारात फारसा आधार घेता येत नाही.

पुण्यात जून २०२४ मध्ये एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडले आणि मग शहराच्या इतर भागांतही निघत गेले. रुग्णांच्या यादीत गरोदर बायका पुष्कळ दिसत होत्या. त्याचं एक कारण असं की तपासणी मुद्दाम त्यांचीच केली जात होती. डास त्यांनाच शोधत होता असा अर्थ कृपा करून काढू नका. नमुने आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे जातात. रक्तात हा विषाणू साधारण आठवडाभर सापडतो, लघवीत त्याहून जास्त, दोन आठवड्यांपर्यंत. म्हणून दोन्ही मागतात. लघवी द्यायला लाजू नका आणि ‘रक्त घ्या, पुरे’ असंही म्हणू नका. उशिरा तपासलं तर प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडीच्या) चाचणीवर अवलंबून राहावं लागतं, आणि आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर ती चाचणी फसवू शकते. दोन्ही विषाणू एकाच कुळातले असल्यामुळे असं होतं.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. पॉझिटिव्ह आलं म्हणजे बाळ पाडायचं, असा नियम कुठेही नाही. गरोदरपणात झिका झालेल्या शंभर बायकांपैकी साधारण ५ ते १५ जणींच्या बाळांमध्ये त्याचे परिणाम दिसतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या संसर्गात धोका जास्त. डोकं लहान राहणं हा त्यातला सगळ्यांना ठाऊक असलेला परिणाम. मेंदूत कॅल्शियमचे ठिपके दिसणं, डोळ्याच्या पडद्यावर व्रण, ऐकू कमी येणं, हातापायांचे सांधे आखडलेले असणं हेही त्यात येतं. हा आकडा लहान नाही, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. पण पंच्याऐंशीहून अधिक बाळांमध्ये असे परिणाम दिसत नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे.

पॉझिटिव्ह आल्यास सोनोग्राफी दर तीनचार आठवड्यांनी करतात. अठरा-वीस आठवड्यांची नेहमीची व्यंगतपासणी होतेच, पण ती नीट आली म्हणून थांबायचं नाही. डोक्याची वाढ मागे पडणं बऱ्याचदा सहाव्या-सातव्या महिन्यात स्पष्ट दिसतं. सगळ्या सोनोग्राफी शक्यतो एकाच तज्ज्ञाकडे करा आणि डोक्याचा घेर प्रत्येक वेळी किती मिलिमीटर आला ते पाहा. एका मापापेक्षा सलग मापांवरून जास्त कळतं. समजा पुढे गंभीर व्यंग दिसलंच, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर आपल्या गर्भपाताच्या कायद्यात चोवीस आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं. तो निर्णय तुमचा असेल. सासूबाईंचा नाही, शेजाऱ्यांचा नाही आणि माझाही नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना हेही सांगा की नमुना दिल्याने दुखणं येत नाही. असेल तर वेळेत कळतं, आणि नसेल तर निदान तुमची रात्रीची झोप उडणार नाही.

प्रश्न : मी रत्नागिरीचा. मर्चंट नेव्हीत आहे. पंधरा दिवसांपूर्वी ब्राझीलच्या सांतोस बंदरावरून येऊन घरी पोचलो. बायकोला तिसरा महिना आहे. मला तिकडे काही झालं नाही, तरी एक सहकारी म्हणाला की बायकोपासून लांब राहा. हे खरं आहे का, की उगाच? घरात कुणाला विचारायची सोय नाही.

उत्तर : तुमचा सहकारी बरोबर बोलला, दादा. विचारलंत ते फार चांगलं केलंत.

झिका डासाशिवाय शरीरसंबंधातूनही पसरतो. पुरुषाच्या वीर्यात तो रक्तातून गेल्यानंतरही काही आठवडे, कधी काही महिने राहतो, तेही पुरुषाला कधी ताप आलेला नसताना. बायको गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत प्रत्येक वेळी निरोध वापरायचा, किंवा संबंध टाळायचे. मधे एखादा महिना पाळून सोडून द्यायचं नाही. बेलसरला रुग्ण सापडला तेव्हा आरोग्य खात्याने गावात निरोध वाटले होते. लोक कुजबुजले, पण त्यामागचं कारण हेच होतं.

तुमचे जे मित्र अशा बंदरांवरून येऊन मूल होऊ देण्याचा विचार करत असतील त्यांना सांगा : पुरुषाने परतल्यापासून तीन महिने थांबावं. बाई स्वतः तिकडे गेली असेल तर तिने दोन महिने. आणि बायकोच्या डॉक्टरांना सांतोसबद्दल जरूर सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत तर त्यांनाही कळायला मार्ग नाही.

प्रश्न : माझी सून सातव्या महिन्यात आहे, बार्शीला आमच्याकडेच असते. चार दिवसांपासून ताप होता, डेंग्यू निघाला. प्लेटलेट ९० हजार आल्यात. काल संध्याकाळपासून ताप उतरलाय. सगळेजण पपईच्या पानांचा रस द्या म्हणतात, कुणी किवी सांगतं, कुणी शेळीचं दूध. डॉक्टर म्हणतात दाखल करा. ताप उतरला असताना दाखल कशाला? घरी ठेवली तर चालेल का?

उत्तर : काकू, पत्र माझ्या हाती आलं तेव्हाच मी मासिकाच्या कार्यालयामार्फत तुमच्याशी बोलले. सून आता दवाखान्यात आहे हे ऐकून बरं वाटलं. तरी उत्तर इथे सविस्तर देते, कारण हाच प्रश्न आणखी बऱ्याच जणींनी विचारला आहे.

डेंग्यूत ताप उतरला की घरातले निर्धास्त होतात आणि डॉक्टर सावध होतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, साधारण ताप उतरतो त्याच सुमाराला, रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपायला लागतं. रक्त घट्ट होतं, रक्तदाब खाली येतो. ज्यांचं बिघडतं त्यांचं त्या एकदोन दिवसांत बिघडतं. म्हणूनच तापाचा पहिला दिवस कोणता हे मी इतकं खोदून विचारते.

गरोदर बाईत हे ओळखणं आणखी कठीण. गरोदरपणात रक्त मुळातच पातळ झालेलं असतं, त्यामुळे ते घट्ट होतंय हे अहवालात उशिरा दिसतं. नाडी एरवीही जलद असते, रक्तदाब एरवीही थोडा कमी असतो. म्हणजे धोक्याच्या खुणा गरोदरपणाच्या नेहमीच्या खुणांखाली झाकल्या जातात. गरोदरपणात डेंग्यू निघाला की दाखल करून पाहणं इष्ट, असं म्हणतात ते यासाठी. तुमच्या डॉक्टरांनी घाबरवलं नाही, काळजी घेतली.

प्लेटलेटचा आकडा घरातल्या प्रत्येकाला पाठ असतो. मला त्याआधी दुसऱ्या गोष्टी विचारायच्या असतात. पोटात सतत दुखतंय का? उलट्या थांबत नाहीत का? हिरड्यांतून, नाकातून, अंगावरून रक्त जातंय का? फार सुस्त पडून राहते, की एकदम अस्वस्थ झाली आहे? हातपाय गार लागतात का? शेवटची लघवी कधी झाली? आणि बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे का? यातलं एकही असेल तर आकडा ९० हजार असो की दीड लाख, लगेच दवाखाना. उलट सगळं ठीक असेल आणि रक्तस्राव नसेल, तर निव्वळ आकडा खाली गेला म्हणून प्लेटलेटच्या पिशव्या चढवत नाहीत. बाळंतपण किंवा सिझेरियन तोंडावर असेल तेव्हा हिशेब बदलतो. अशा वेळी रक्तपेढी जवळ असलेल्या दवाखान्यातच असावं.

आणखी एक गोष्ट. शेवटच्या महिन्यांत वाढलेल्या रक्तदाबामुळेही प्लेटलेट कमी होतात आणि यकृताचे अहवाल बिघडतात. ते डेंग्यूसारखंच दिसतं, पण त्याचा इलाज वेगळा आहे. यासाठी रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासल्याशिवाय राहू नका.

आता पपई. काकू, पपईची फोड तुम्ही सुनेला गरोदरपणात खाऊ दिली नसेल, बरोबर ना? मग त्याच झाडाच्या पानांचा कडू रस वाटीभर द्यायला मन कसं होतं? पानांमुळे प्लेटलेट थोड्या वाढल्याचे अभ्यास झाले आहेत, पण ते गरोदर नसलेल्या रुग्णांवर. त्यातून डेंग्यूतली मुख्य अडचण, म्हणजे पाणी झिरपणं, थांबतं असं कुणी दाखवलेलं नाही. कडू रसाने उलटी झाली तर पोटात असलेलं पाणीही जातं. त्यामुळे पानांचा रस नको, पानांच्या अर्काच्या गोळ्याही नकोत. किवी आवडत असेल तर खाऊ दे, पण त्यासाठी घरखर्चाला कात्री लावू नका. शेळीचं कच्चं दूध अजिबात नको. त्यातून ब्रुसेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो, आणि गरोदर बाईला तो आणखी एक नवा ताप ठरेल.

द्यायचं ते असं : ओआरएस, भाताची पेज, मीठ घातलेलं ताक, शहाळं, लिंबाचं सरबत, थोडं थोडं करून दिवसभर. शिरेतून सलाईन किती द्यायचं हे डॉक्टरांना ठरवू द्या. जास्तीचं सलाईनही गरोदर बाईच्या फुप्फुसात साठतं. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तास ठेवून. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अंगदुखीची इंजेक्शनं यातलं काहीही नको, रक्तस्राव वाढतो. आणि हे नीट वाचा : ज्यांना रक्तदाबाच्या धोक्यामुळे रोज अ‍ॅस्पिरिनची लहान गोळी चालू असते त्यांनी ती गोळी तपासणाऱ्या डॉक्टरांना दाखवायचीच. तापाचा डॉक्टर वेगळा आणि बाळंतपणाचा वेगळा असला की नेमकी हीच गोळी सांगायची राहून जाते.

बाळाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. डेंग्यूमुळे झिकासारखी व्यंगं झाल्याचं सहसा दिसत नाही. दिवस भरण्याआधी प्रसूती होणं आणि वजन कमी असणं हे धोके आहेत. बाळंतपणाच्या अगदी जवळ डेंग्यू झाला तर बाळालाही होऊ शकतो, तेव्हा जन्मानंतर आठवडा-दहा दिवस बाळावर लक्ष ठेवतात. तुमच्या सुनेला अजून अवकाश आहे.

प्रश्न : मी नागपूरची. नववा महिना चालू आहे. आमच्या वस्तीत चिकनगुन्याचे बरेच रुग्ण आहेत आणि कालपासून मलाही कडकडून ताप आहे, घोटे आणि मनगटं धरली आहेत. तारीख दहा दिवसांवर आली आहे. आई म्हणते की बाळाला लागण होण्याआधी सिझेरियन करून घे. तसं करता येईल का? आणि नंतर दूध पाजायचं की नाही?

उत्तर : सिझेरियनची घाई करू नका. इथे मी फार ठाम आहे.

चिकनगुन्या आपल्याकडे नवा नाही. १९७३ मध्ये बार्शीत त्याची मोठी साथ आली होती. पुढे तो बराच काळ दिसेनासा झाला आणि २००५-०६ मध्ये जोरात परतला. त्याच सुमाराला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर प्रचंड साथ आली, आणि आईकडून बाळाला चिकनगुन्या कसा होतो हे तिथल्या डॉक्टरांनी बारकाईने नोंदवलं. आधीच्या महिन्यांत लागण झालेल्या बहुतेक आयांची बाळं सुखरूप होती. पण कळा सुरू असताना ज्यांच्या रक्तात विषाणू होता त्यांच्या जवळजवळ निम्म्या बाळांना लागण झाली. सिझेरियनने त्यात फरक पडला नाही.

म्हणजे तुमच्या आईच्या सल्ल्याने नेमकं उलट होईल. ताप भरात असताना बाळ बाहेर काढलं तर रक्तात विषाणू सर्वांत जास्त असतानाच प्रसूती होईल. आठवडाभर गेला, तुमच्या शरीरात प्रतिपिंडं तयार झाली, तर ती नाळेतून बाळालाही मिळतात. तुमच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची दुसरी अडचण नसेल तर थांबण्यातच फायदा आहे. मात्र डेंग्यूची तपासणी आजच करून घ्या. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, आणि डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत सांधेदुखीसाठी पॅरासिटामॉलवरच भागवा. या महिन्यात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या तशाही चालत नाहीत, बाळाच्या हृदयाला त्रास होतो.

कळा त्याआधीच सुरू झाल्या तर घाबरू नका, पण एक करा. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असेल अशाच ठिकाणी बाळंत व्हा आणि तिसऱ्या दिवशी घरी जायचा आग्रह धरू नका. हे बाळ जन्मतः छान गुटगुटीत दिसतं, रडतं, दूध ओढतं. लक्षणं तिसऱ्या ते सातव्या दिवसात येतात, म्हणजे सगळे आनंदाने घरी पोचलेले असतात तेव्हाच. ताप, दूध ओढायचं थांबणं, उचललं किंवा अंगाला हात लावला की कळवळून रडणं, पुरळ, झटके. काही बाळांचं नाक आणि तोंडाभोवतीचा भाग नंतर काळपट पडतो, आणि घरातल्यांना ते कावीळ किंवा दृष्ट वाटते. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. पहिला आठवडाभर तुम्ही दोघं दवाखान्यात किंवा दवाखान्याच्या पायरीशी असावं, एवढंच माझं म्हणणं. माहेरचं गाव तासादोन तासांवर असेल तर ते आठवड्याने गाठा.

दूध जरूर पाजा, ताप असला तरी. चिकनगुन्या, डेंग्यू, झिका, तिन्हींत पाजायचं. पहिलं चिकाचं दूध तर सोडूच नका. सांधे दुखत असताना बाळाला धरून बसणं अवघड जातं, तेव्हा कुशीवर झोपून पाजा आणि आईला पाठीशी उशी लावायला सांगा. त्यांच्या काळजीला हे काम चांगलं आहे.

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. आमच्याकडे धानाची शेती आहे, अधूनमधून मेंदूज्वराच्या बातम्या येतात. गरोदर बाईला त्याची लस देता येते का? आणि ताप आला तर आधी कोणती तपासणी?

उत्तर : ताई, तपासणीचं आधी सांगते. तुमच्या भागात गरोदर बाईला ताप आला की पहिली तपासणी मलेरियाची. तुमच्या पिशवीत किट असतं, तिथेच बोटाचं रक्त घ्या. मलेरिया विषाणूमुळे होत नाही, त्यावर हमखास औषध आहे, आणि गरोदरपणात उशीर झाला तर तो आई आणि बाळ दोघांचा जीव घेऊ शकतो. तो नाही असं निघालं की मग डेंग्यू वगैरे.

तुम्ही म्हणता तो जपानी मेंदूज्वर धानाच्या बांधीतल्या पाण्यात वाढणाऱ्या डासांमुळे होतो. हा डास संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो, आणि विषाणू बगळे आणि डुकरांमध्ये वाढतो. उत्तर प्रदेशात १९७८ नंतरच्या साथीत काही गरोदर बायकांचे गर्भपात झाले आणि गर्भात हा विषाणू सापडला होता. जिवंत विषाणूची लस गरोदरपणात देत नाहीत. तेव्हा रात्री मच्छरदाणी, डुकरांचा गोठा घरापासून लांब, आणि घरातल्या लहान मुलांचं लसीकरण वेळेवर.

प्रश्न : मी सासवडचीच आहे, पाचवा महिना. अंगाला डास पळवायचं मलम लावलेलं बाळाला चालतं का? आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे पिंपं भरून ठेवावीच लागतात. रिकामी करा म्हणतात, पण मग प्यायचं काय? आणि गरोदर बाईला डास जास्त चावतात म्हणतात, ते खरं का?

उत्तर : शेवटचं आधी. गॅम्बिया देशातला एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मलेरियाचे डास गरोदर बायकांकडे इतर बायकांच्या दुपटीने आले होते. गरोदरपणात श्वास जास्त सोडला जातो, पोटाची त्वचा किंचित गरम असते, त्यामुळे डासांना पत्ता लागतो. तो डास वेगळा होता, पण तुमची तक्रार खोटी नाही एवढं नक्की.

मलम चालतं. डीट किंवा पिकारिडिन असलेलं, डब्यावर लिहिल्याप्रमाणे वापरलेलं मलम गरोदरपणात सुरक्षित मानतात. उघड्या अंगावर लावा, कपड्याखाली नको, जखमेवर नको. आपल्याकडे सगळे रात्री मलम लावतात. पण झिका-डेंग्यूचा हा पट्टेरी डास दिवसा चावतो, सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर संध्याकाळपर्यंत. म्हणून सकाळी आंघोळ झाली की लावा आणि दुपारी चारच्या सुमाराला पुन्हा. दुपारी झोपताना मच्छरदाणी. बंद खोलीत उदबत्तीसारखी जळणारी कॉइल किंवा कडुनिंबाच्या पाल्याची धुरी नको, तो धूर तुमच्याच छातीत जातो. घरात कुणालाही ताप असेल तर पहिला आठवडा त्या माणसालाही दिवसा मच्छरदाणीत झोपवा. त्याला चावलेला डासच पुढे तुमच्याकडे विषाणू आणतो.

आता पिंप. तुमची अडचण मला पुरती ठाऊक आहे. पुरंदरला पाण्याचं दुर्भिक्ष आहे, आणि पाणी साठवायला लावून वर ‘साठवू नका’ म्हणणं हे बायकांवर अन्याय करणारं आहे. पाणी ओतून देऊ नका, पण एवढं करा. आठवड्यातून एक दिवस ठरवा, शक्यतो पाणी यायच्या आदल्या दिवशी, पिंपात कमीत कमी पाणी असताना. उरलेलं पाणी जाड धुतलेल्या फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या. पिंप आडवं करा, उजेडात धरा आणि आतल्या भिंतीवर पाणी जिथपर्यंत होतं त्या रेषेवर बोट फिरवा. तिथे खसखशीसारखे बारीक काळे कण चिकटलेले लागतील. तीच अंडी. नुसतं पाणी खळबळून ती निघत नाहीत, आणि पिंप कोरडं ठेवलं तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत त्यांचे डास उडतात. म्हणून काथ्याने किंवा खरखरीत ब्रशने ती रेषा घासायची, काठाखालची खाचसुद्धा, आणि मग पिंप उन्हात उपडं ठेवायचं. भरल्यावर तोंडाला सुती धोतराचं कापड दोरीने घट्ट बांधायचं. नुसतं झाकण टेकवलं तर डासाला फट पुरते. सिमेंटचा हौद रिकामा होत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आणून सोडा, ते अळ्या खातात.

पिंप आडवं करणं आणि घासणं हे काम तुमचं नाही. पाचव्या महिन्यात वाकून पिंप ओढू नका. नवऱ्याला किंवा दिराला सांगा, आणि हा मजकूर त्यांना वाचून दाखवा. बरोबर फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली आणि गच्चीवर टाकलेला जुना टायरही त्यांनाच बघू दे. हा डास फार लांब उडत नाही. घरात चावला तर तो तुमच्या किंवा शेजारच्या दारातलाच असतो, तेव्हा शेजारच्यांनाही त्याच दिवशी घासायला सांगा.

धुराची फवारणी झाली की लोक सुस्कारा सोडतात. त्या धुराने उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या आणि भिंतीवरची अंडी तशीच राहतात. फवारणीच्या वेळी तुम्ही थोडा वेळ लांब जाऊन बसा, पण त्या आठवड्याची घासणी चुकवू नका.

आणि नळाचं पाणी रोज, निदान दिवसाआड, मिळालं पाहिजे हा तुमचा हक्काचा विषय आहे. आमच्या खेड्यांतल्या बायकांना मी सांगते की ग्रामसभेत तो मांडा. तुमचा भाग नगरपालिकेत येत असेल तर नगरसेवकांकडे न्या. पाणी किती दिवसांनी येतं हे त्यांना माहीत असतं, आणि वस्तीत किती गरोदर बायका आहेत हे आशाताईंच्या वहीत असतं. ते दोन आकडे एका अर्जात लिहा आणि अर्जावर तुमच्याबरोबर घरातल्या पुरुषांच्याही सह्या घ्या.